पाढ्यांच्या खिडकीखालचा ओटा

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. लागू द्या. एखादा शब्द अडला तर मला फोन करा, पण आईकडून वाचून घेऊ नका. काहून ते शेवटी कळेल. ('काहून' म्हणजे 'का'. हा तुमच्या पणजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा शब्द. या घरात सून म्हणून आले तेव्हा मी त्याला हसायची. आता माझ्याही तोंडी तोच बसला आहे.)

मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीचा मकाऊहून फोन आला. ती तिथे पूल आणि रस्ते यांच्या नकाशांचं काम करते, एवढं मला समजतं. मोठ्या कौतुकाने सांगत होती. तिथल्या कॅसिनोंच्या बसगाड्या फुकट असतात, थंडगार असतात, दारापासून दारापर्यंत नेतात. एका इमारतीतून दुसरीत जायला रस्त्यावरून काचेचे पूल आहेत, घामाचा थेंब येत नाही. फक्त एक आहे, ती म्हणाली, पूल उतरला की कॅसिनोच्या दालनातूनच पुढे जावं लागतं.

"पण आजी, मी खेळत नाही हं. नुसती चालत जाते."

मी म्हटलं, "छान आहे," आणि फोन ठेवला. मग हे लिहायला कागद काढला. कारण आम्हीही खेळत नव्हतो.

क्रमाने सांगते.

राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर एकीकडे गेलं आणि जबलपूर दुसरीकडे राहिलं. त्याआधी इथल्या मराठी माणसाला आपण परगावी राहतो असं वाटत नसे. एकाच प्रांतातली दोन शहरं होती. मग एकदम आपण अल्पसंख्य झालो. मी नागपूरची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा बड्या फुहाऱ्याच्या बाजारामागे एका गल्लीत आपलं घर होतं. गल्ली कच्ची होती. कडेने उघडी नाली वाहायची. तोंडाशी एक नळ होता आणि त्याला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. आपल्या दारासमोर दिव्याचा खांब होता, पण दिवा नव्हता.

गल्लीत आपल्या मराठी मंडळाची दोन खोल्यांची शाळा होती. चौथीपर्यंतची. मंडळात सगळ्या प्रकारचे लोक होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेली भोसल्यांच्या काळातली घराणी होती, विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेली बौद्ध कुटुंबं होती, रेल्वेतले, पोस्टातले होते. एरवी एकमेकांकडे जेवायला न जाणारी माणसं शाळेच्या बाबतीत एकत्र बसायची. पोरांनी हिंदीत विरघळून जाऊ नये, ही सगळ्यांची काळजी. गल्लीच्या सोयींसाठी कचेऱ्यांना अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं इंग्रजी. रस्त्यासाठी, दिव्यासाठी, नळासाठी मी फार सुंदर अर्ज लिहिले. त्यांची उत्तरं कधी आली नाहीत.

शाळेच्या बाई म्हणजे एक प्रौढ विधवा. ताठ, पांढऱ्या लुगड्यातल्या, कडक. त्यांची एक पद्धत होती. शेवटच्या अर्ध्या तासाला पाढे. सगळी मुलं उभी राहायची. बाई एका मुलाला पुढे बोलवायच्या आणि विचारायच्या, "आज कितीचा?" ते मूल मनात येईल तो आकडा सांगायचं आणि मग सगळा वर्ग तो पाढा म्हणायचा. दोनपासून तीसपर्यंत कुठलाही. बाई म्हणत, मुलाने स्वतः निवडलेला पाढा त्याच्या अंगाला चिकटतो. वर्गाची खिडकी गल्लीकडे होती. तिन्हीसांजेच्या आधी, उन्हं कलताना, सगळ्या गल्लीत पाढा घुमायचा. तुमची आई सहा वर्षांची होती. आवाज खणखणीत होता, म्हणून बाई तिलाच वरचेवर पुढे बोलवत.

त्याच सुमारास भैयाजी आले. त्यांचं नाव मी सांगणार नाही, आणि तेव्हाही कोणी घेत नसे. सगळे भैयाजीच म्हणायचे. पांढरा कुर्ता-पायजमा, कपाळाला चंदनाचं बोट, लहान मुलालाही हात जोडून 'जी' म्हणणार. शाळेच्या समोरची खोली भाड्याने घेऊन त्यांनी कटपीसचं दुकान काढलं. कापड मोजताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नाही. ते खाईवाल होते, म्हणजे सट्ट्याचे आकडे लावून घेणारे. रोज दूरच्या शहरात आकडा निघायचा, तो फोनवर कळायचा, ज्याने तोच आकडा लावला असेल तो जिंकायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण तो समोरच्या दुकानाचा मामला होता.

आधी आला फोन. गल्लीत पहिल्यांदा तारा ओढल्या गेल्या आणि भैयाजींनी सांगितलं, कुणाच्या गावाहून निरोप असेल तर माझा नंबर द्या. माझे वडील नागपूरला आजारी पडले ते मला त्या दुकानातून कळलं. मी पदर सावरत फोन घेतला तेव्हा दुकानातली सगळी माणसं बाहेर जाऊन उभी राहिली, इतकी अदब होती. मग आला दिवा. त्यांनी स्वतःच्या दुकानातून वायर ओढून गल्लीच्या तोंडाशी दिवा लावला. नालीवर फरश्या पडल्या, कारण लोकांच्या सायकली, स्कूटरी उभ्या करायला जागा हवी होती. रस्ता पक्का झाला. नीट बघितलं तर तो मुख्य रस्त्यापासून त्यांच्या दुकानापर्यंतच पक्का होता. त्यापुढची, आपल्या घराकडची गल्ली तशीच मातीची राहिली. पण चिखल अर्धा झाला, हे काय थोडं? मग त्यांनी दुकानामागे विहिरीवर मोटार बसवली, वर टाकी बांधली आणि गल्लीला तोटी दिली; तोंडाशी होता तो जुना नळ तोवर कोरडा पडला होता. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून सुटलेल्या माणसांना घेऊन येणारी एक खाजगी बस, जी पूर्वी बाजाराच्या पलीकडे थांबायची, ती गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली.

तुमचे आजोबा तेव्हा खमरियाला हिशेब विभागात होते. थंडीत सायकलवरून यायचे तेव्हा बोटं आखडलेली असायची. ते बसने यायला लागले. "चला," म्हणाले, "तुझ्या अर्जांनी जे झालं नाही ते भैयाजींनी केलं."

मी म्हटलं, "माझे अर्ज इंग्रजीत होते. त्यांचे कुठल्या भाषेत असतात कोण जाणे."

ते हसले. मीही हसले.

खिडकीखाली माणसं उभी राहायला लागली ती बस आल्यानंतर. आधी दोघं-तिघं होती, मग घोळका. कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, बाजारातले हमाल, एक-दोन बऱ्या कपड्यातले. पाढे सुरू व्हायच्या वेळेला येऊन भिंतीशी उभे राहायचे, अगदी शांत, कीर्तनाला बसल्यासारखे. तुमची आई आत "आज सतराचा!" म्हणून ओरडली की बाहेर एकदम सुस्कारा निघायचा आणि माणसं पांगायची. पाढा पूर्ण ऐकायला कोणी थांबत नसे. याचं आम्हाला आश्चर्य वाटायला हवं होतं.

आम्हाला अभिमान वाटला. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण आम्ही सगळेच त्यात होतो आणि आता ते आठवून हसूही येतं, काटाही येतो. मंडळाच्या बैठकीत आमचे चिटणीस, जे वकील होते, उभे राहून म्हणाले, "अमराठी बांधवांच्या मनात आपल्या पाढ्यांविषयी गोडी निर्माण झाली आहे. या उन्हात ते उभे राहतात, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही."

तुमची पणजी तिथेच सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "काहून येऊन राहिले ते, इचारलं का कुणी?"

"काकू, संस्कृतीची ओढ असते माणसाला."

"रिक्षेवाल्याले?"

सगळे हसले आणि ठराव झाला. खिडकीखाली श्रोत्यांना बसायला ओटा बांधायचा, वर पत्रा घालायचा. फरशी भैयाजींनी दिली. गणेशोत्सवात त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, शाल दिली. ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "आपले लेकरं लय गोड बोलतात. त्यांच्या तोंडात भगवान हाय." टाळ्या झाल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

खरं काय ते कळलं एका भाजीवाल्यामुळे. पणजी भाजी घेऊन आली ती हसत हसत. पिशवीत फ्लॉवर जास्तीचा होता. म्हणाली, त्याने पैसेच घेतले नाहीत. म्हणाला, अम्मा, आपकी पोती के मुँह से जो निकला, वही खुला; हमारी बेटी का ब्याह निपट गया. सतरावाली बिटिया म्हणतात तिला सारे.

मी विचारलं, "वही खुला म्हणजे?"

पणजीने फ्लॉवर जमिनीवर ठेवला, जणू तो गरम होता.

लहान मुलाच्या तोंडून निघालेला आकडा देवाचा असतो, अशी या लोकांची समजूत. साधूला विचारतात, वेड्याला विचारतात, मुलाला विचारतात. आणि इथे तर रोज ठरल्या वेळी एक मूल उघड्या खिडकीपाशी उभं राहून, कुणी न सांगता, मनातला एक आकडा मोठ्याने सांगत होतं. भैयाजींकडे आकडे लावायची वेळ संपायच्या जरा आधी. सगळ्या जबलपुरात यापेक्षा सोयीची जागा नव्हती. बस त्यासाठी वळली होती. जबलपूरच्या हिंदी माणसाने मराठी आकडे कधी शिकले नाहीत, पण आमच्या ओट्यावर बसलेल्यांना एकोणीस, सव्वीस, एकोणतीस सगळं तोंडपाठ होतं. आमच्या मुलांपेक्षा चांगलं.

तुमच्या आईला तोवर हे माहीत झालेलं होतं. मुलांना आधी कळतं. गल्लीतून येताना कोणीतरी वाकून विचारायचं, "बिटिया, कल कितने का पढ़ोगी?" हातात पेपरमिंट ठेवायचं. पहिल्यांदा तिला मजा वाटली. मग एक माणूस असा आला की ज्याला मजा वाटत नव्हती. तिने सांगितलेला आकडा त्याने लावला होता आणि तो आला नव्हता. काय गमावलं ते आम्हाला कधी कळलं नाही. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्या बिनदिव्याच्या जुन्या खांबाशी, आपल्या दारासमोर येऊन उभा राहायला लागला. शाळेत जाताना उभा, येताना उभा. तिच्याकडे नुसता बघायचा.

तुमचे आजोबा बाहेर गेले. "क्या काम है?"

"कुछ नहीं, बाबूजी. सरकारी रास्ता है."

मी बाईंकडे गेले. म्हटलं, उद्यापासून पाढा तुम्ही निवडा. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात पाढा मुलंच निवडतात. बाहेर कोण काय करतं त्यासाठी मी आत बदलायचं?" मला त्यांचा राग आला, पण त्या म्हणत होत्या ते चूक नव्हतं. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं, की पाढ्यांच्या वेळी खिडकी बंद ठेवू.

खिडकी बंद झाली. पहिल्या दिवशी ओट्यावरची माणसं बसून राहिली आणि काही न बोलता उठून गेली. दुसऱ्या दिवशी तोटीला पाणी आलं नाही. मोटार बिघडली असेल, असं आम्ही म्हटलं. मग दिवा लागेना. मग बस बाजाराच्या पलीकडे थांबायला लागली आणि गल्लीतली सगळी माणसं तिथून चालत आली. भैयाजी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून आम्हाला हात जोडत होते, आधीसारखेच. त्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही.

म्हटलं ते आपल्याच लोकांनी. पलीकडच्या घरातली बाई बादली घेऊन माझ्या दारात आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, पाण्यासाठी तिला बाजारातल्या नळावर जावं लागत होतं. "ताई, एक खिडकी तर आहे," ती म्हणाली. "उघडली तर कुणाचं काय जातं?"

"माझ्या मुलीचं जातं."

"तिला काय होतंय? तोंडानं आकडा तर म्हणायचा आहे. आमच्या पोराला म्हणायला सांगितलं असतं, पण त्याचा आवाज कुठं पोचतो."

आणि हे ती मनापासून म्हणत होती. तिला थोडा हेवाही वाटत होता.

दुपारी भैयाजी स्वतः आले. बाहेरच चपला काढल्या. पणजीच्या पाया पडले. मी चहा ठेवला, कारण आलेल्या माणसाला चहा देतात.

"दीदी," ते मला म्हणाले, "आप पढ़ी-लिखी हैं. मैं किसी को बुलाता नहीं. आदमी अपने पैर से आता है. पर आता है, तो गली चलती है. नहीं आता, तो मैं भी क्या करूँ? मोटर का तेल भी तो उसी से है."

"ती सहा वर्षांची आहे," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मुद्दाम.

त्यांना समजलं. ते हसले. "वही तो," म्हणाले. "बड़ी हो जाएगी तो कौन पूछेगा?"

गेल्यावर पणजीने त्यांची कपबशी घासायच्या भांड्यांत टाकली नाही. उचलून अंगणाच्या कोपऱ्यात उपडी ठेवली.

तीन-चार दिवसांनी मंडळाची बैठक झाली. वकील चिटणीस या वेळी संस्कृतीविषयी काही बोलले नाहीत. हवा खेळती राहावी म्हणून खिडकी उघडी ठेवावी, असं ठरलं. आजोबा विरोधात बोलले. मी बोलले. खिडकी उघडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोटीला धो धो पाणी आलं. गल्लीतल्या बायका हसत हसत घागरी भरत होत्या. मीही भरली. घरात पाणी नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी तुमच्या आईला मागच्या रांगेत बसवलं आणि दुसऱ्या मुलाला पुढे बोलावलं. त्यांना जमेल तेवढं त्यांनी केलं. पण बाहेरच्यांना ते नको होतं. "सतरावाली को बुलाओ," कोणीतरी ओट्यावरून म्हणालं. आवाज चढवून नाही, दुकानात चांगला माल दाखवा म्हणतात तसं. मग आणखी एकाने म्हटलं. वर्गातली मुलं मागे वळून तुमच्या आईकडे बघायला लागली. ती आपणहून उठली आणि पुढे जाऊन उभी राहिली.

बाईंनी विचारलं, "आज कितीचा?"

ती बोलली नाही.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. बाहेर सगळं शांत होतं. कोणी खोकलंसुद्धा नाही. हे मला बाईंनी नंतर सांगितलं. म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवते आहे, अशी शांतता वर्गात कधी ऐकली नाही; ती खिडकीतून आत येत होती.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी खेळली, जेवायला बसली. मी विचारलं, "पोळ्या किती?" तिने दोन बोटं वर केली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तिने ती बोटं मुठीत लपवली आणि उघड्या दाराकडे बघितलं. दाराबाहेर कोणी नव्हतं. खांब तेवढा होता. त्यानंतर तिने बोटंही दाखवली नाहीत. पोळी वाढली की मान हलवून हो म्हणायची, पुरे झालं की ताटावर हात धरायची. बाकी सगळं बोलायची. गाणी म्हणायची, भांडायची, पणजीच्या नकला करायची. फक्त आकडा तोंडातून काढायची नाही.

पणजी म्हणाली, "लेकरानं तोंडाले कुलूप लावलं. घरच्यायनं दाराले लावलं नाही म्हणून."

आठवड्याच्या आत आम्ही तिला खमरियाच्या वाटेवरच्या इंग्रजी शाळेत घातलं. बस पुन्हा गल्लीच्या तोंडाशी थांबत होती आणि शाळेच्या दारावरून जात होती, पण त्या बसमधली माणसं तिला ओळखत होती. आजोबांनी सायकल पुसून काढली. पुढच्या दांडीवर तिला बसवून पहाटेच्या थंडीत ते निघायचे. त्यांची आखडलेली बोटं परत आली.

आमच्यामागून आणखी दोघांनी शाळेतून मुली काढल्या, मग आणखी काहींनी. ज्यांनी आम्हाला खिडकी उघडायला लावली त्यांनीही, कारण आता ओट्यावरची माणसं त्यांच्या मुलांना विचारायला लागली होती. एका उन्हाळ्यात शाळा बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. बाई नागपूरला भाचीकडे गेल्या. मंडळाने शाळेच्या खोल्या भाड्याने दिल्या, कुणाला ते सांगायला नको.

आणि मग एक दिवस भैयाजीही नव्हते. का, कुठे, कुणी हलवलं, काही कळलं नाही. दुकानाला कुलूप दिसलं. त्यांच्याबरोबर त्यांचा फोन गेला, दिव्याची वायर गेली, मोटार कोणीतरी उचलून नेली. बस पुन्हा बाजारापलीकडे गेली. फरश्या खचून नालीत पडल्या. जे आलं होतं ते सगळं गेलं, आणि जी आधीपासून होती ती शाळा मात्र परत आली नाही. आम्ही पुढे घर विकून नेपियर टाउनकडे आलो, ते तुम्ही पाहिलेलं घर.

आता तुम्हाला कळलं असेल, की तुम्ही ज्यावरून आईला चिडवता ते काय आहे. ती फोन नंबर तोंडी सांगत नाही, लिहून देते. दुकानात गेली तर 'एवढे' म्हणून बोट दाखवते. तुम्हाला तिने पाढे शिकवले नाहीत, आणि तुमचं मराठी असं लंगडं का राहिलं, त्यातही याचा थोडा भाग आहे. मराठीत ती शिकली ते त्या वर्गात, आणि त्या वर्गाला ती खिडकी होती. ती कधी काही बोललेली नाही. मीही विचारलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती आली होती. बाजारात साड्या बघून झाल्यावर म्हणाली, "आई, गल्लीत जाऊन येऊ या का?" मला नको होतं. पण गेलो.

शाळेच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. खाली मोबाइलची दुकानं. गल्ली सगळी सिमेंटची झाली आहे, दिवे आहेत. जुनी भिंत तेवढी एका बाजूने ठेवली आहे, आणि तिच्याखाली आपला ओटा. खिडकी विटांनी बुजवली आहे. ओट्यावर एक अगदी म्हातारा माणूस मफलर गुंडाळून बसला होता. हातात मोबाइल, त्यावर रंगीत चक्र फिरत होतं आणि खाली आकडे पळत होते. आता खाईवालाला गल्ली लागत नाही, बस लागत नाही, दिवा लागत नाही. रस्ता सरळ हातात येतो.

त्याने वर बघितलं. तुमच्या आईकडे. तिचे केस पांढरे झाले आहेत, चष्मा आहे, साठी जवळ आली. खांबाशी उभा राहायचा तोच का हा? मला सांगता येणार नाही. ते वय झालं की सगळे सारखे दिसतात. पण तो बघत राहिला, आणि मग अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "बिटिया?"

तिने माझा हात धरला. आम्ही तोंडाशी परत आलो. तिने मोबाइलवरून रिक्षा बोलावली होती, ती आलेली होती. आम्ही आत बसलो. रिक्षावाला पोरगेला होता, चांगला बोलत होता.

"दीदी, ओटीपी बोलिए."

तिने फोनचा पडदा त्याच्यापुढे धरला.

"बोल दीजिए न, दीदी. चार ही तो नंबर हैं. धूप में दिखता नहीं."

ती बोलली नाही. तिने पडदा त्याच्या आणखी जवळ नेला. मी मागे वळून बघितलं. म्हातारा ओट्यावरून उठला होता. एक हात भिंतीला लावून, मान थोडी तिरकी करून, तो कान देऊन उभा होता.

मी तिच्या हातातला फोन घेतला, रिक्षावाल्याचाही घेतला, आणि चष्मा डोळ्यांवर सरकवून ते चार आकडे एकेक करून स्वतः दाबले. तोंडाने एकही न म्हणता.

"चलो," मी त्याला म्हटलं.